पीच, हिरवी मिरची आणि दहा मिलिग्रॅम

गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव २०२० च्या डिसेंबरात चर्चेत आला आणि विरोधाच्या पहिल्याच लाटेत मागे पडला. तेव्हा जे बोललं गेलं तेच आजही कानावर येतं. एकीकडे ‘शंकराचा प्रसाद’, दुसरीकडे ‘पोरं वाया जातील’. मधून कोणीतरी पर्यटनाचा मुद्दा काढतो : अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बघा, गांजा, तिथलं जेवण आणि डोंगर असं एकत्र विकतात, आपल्याकडे काय कमी आहे? कोलोरॅडोच्या राजधानीतून, डेन्व्हरमधून पाहिलं तर हे वाक्य निम्मंच खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्याबद्दल घरच्या वादात कोणी बोलत नाही.

कोलोरॅडोने २०१२ च्या नोव्हेंबरात मतदानाने गांजाला मान्यता दिली, दुकानं १ जानेवारी २०१४ ला उघडली. वय २१ पूर्ण हवं. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. जवळ दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम बाळगता येतो. पण माझ्या मते या कायद्याने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाकिटावरचा आकडा. खायच्या पदार्थात एका भागात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), अख्ख्या पाकिटात १००. नवख्याने अडीचपासून सुरुवात करावी, पाचच्या वर जाऊ नये.

हा आकडा का लागतो ते तुपाच्या हिशेबावरून कळतं. २० टक्के टीएचसीए (टीएचसीचं कच्चं रूप) असलेल्या एका ग्रॅम फुलात ते २०० मिलिग्रॅम असतं. मंद आचेवर त्याचं टीएचसी होताना वजन घटून साधारण १७५ उरतं. तुपात उतरताना आणखी गळतं. १३०-१४० हाती लागलं तर काम बरं झालं म्हणायचं. शंभर ग्रॅम तुपात ते असेल तर पाच ग्रॅमच्या चमच्यात साडेसहा-सात मिलिग्रॅम येतं. कागदावर ठीक. प्रत्यक्षात तूप नीट ढवळलं जात नाही आणि एका लाडवात तीन, शेजारच्यात पंधरा पडतात. होळीच्या थंडाईत तर हिशेबाचा पहिला आकडाच गायब असतो : पाला कुठला, किती जून, किती घोटला, कोणालाच माहीत नाही. ‘भांग सौम्य असते’ हे म्हणूनच अर्धवट बोलणं आहे. सौम्य निघाली तर सौम्य.

दुसरी चूक घड्याळाची. ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत जाणवतो. पोटातून गेलेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढतो, कारण यकृतात टीएचसीचं रूप बदलतं आणि ते नवं रूपही तितकंच जोरकस असतं. तासाभराने ‘काहीच होत नाहीये’ म्हणून दुसरा तुकडा खाणारा माणूस तिसऱ्या तासाला घाबरलेला सापडतो. अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. भरपूर तूप-चीज पोटात असलं की तो उशिरा येतो आणि जोरात येतो. वर बिअर घेतली तर रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं, आणि हे राज्य बिअरचंही आहे.

आता जेवणाची जोडी. पश्चिमेला पॅलिसेड गावचे पीच जूनअखेर-जुलैत येऊ लागतात, सप्टेंबरपर्यंत मिळतात. दक्षिणेला प्वेब्लो शहराची हिरवी मिरची. सप्टेंबरात रस्त्याकडेला जाळीच्या पिंपात गॅसवर फिरवून भाजतात, साल करपल्याचा वास गल्लीभर पसरतो. वांगी भाजताना आपल्याकडे येतो तसाच. या मिरचीचा डुकराच्या मांसातला रस्सा इथे बरिटोवर ओततात. गांजाशी यांची जोडी लावणारे वासावर बोलतात, आणि तेवढं खरं आहे. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, पाइनमधलं पायनीन, मिरी-लवंगेतलं कॅरियोफिलीन ही द्रव्यं गांजाच्या फुलातही असतात. गोड्या मसाल्याचा डबा उघडणाऱ्या नाकाला ते सांगावं लागत नाही. मात्र ही द्रव्यं उडून जाणारी आहेत. कढईत घातली की वास गेला, उरतो तो कडवट हिरवा चोथा. म्हणून अशा मेजवान्यांचे बरे आयोजक जेवण साधंच ठेवतात आणि फुलाचा वास वेगळा देतात. ‘ही जात शांत करते, ती उत्साह देते’ हा मात्र बराचसा दुकानदारीचा भाग. मोजायचे ते मिलिग्रॅम.

डोंगराशी जोडी लावणं मात्र मला चुकीचं वाटतं. रॉकी माउंटन नॅशनल पार्क ही केंद्र सरकारची जमीन आहे. बहुतेक मोठे स्की-उतार राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर आहेत. तिथे राज्याचा कायदा कामाचा नाही. गांजा जवळ बाळगणं हाच गुन्हा, पहिल्या वेळी वर्षभरापर्यंत कैद आणि किमान हजार डॉलर दंड होऊ शकतो. राज्याच्या हद्दीतही सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, आणि बहुतेक हॉटेलांत धूम्रपान चालत नाही. जाहिरातीतला कड्यावर बसून झुरका घेणारा माणूस बहुधा कायदा मोडत असतो.

कायदा बाजूला ठेवला तरी शरीर आहेच. डेन्व्हर १,६०० मीटरवर, त्या पार्कमधला ट्रेल रिज रोड सर्वांत उंच ठिकाणी ३,७०० मीटरवर. विरळ हवेने डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. गांजानेही छाती धडधडते, उठून उभं राहताना रक्तदाब घसरतो, चक्कर येते. मग हे कशामुळे, हे सोबत्यालाही कळत नाही आणि खाली उतरायचा निर्णय लांबतो. त्यात उन्हाळ्यात दुपारी विजा पडतात. झाडांच्या रेषेच्या वर असाल तर बारापर्यंत खाली यायला हवं. क्रम असा असावा : पहाटे चढाई, बाराच्या आत उतरणं, भरपूर पाणी, जेवण, आणि घ्यायचंच असेल तर रात्री, मालकाने परवानगी दिलेल्या घरात, गाडीची चावी दुसऱ्याकडे देऊन.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. एच-वन-बी, विद्यार्थी व्हिसा, ग्रीन कार्ड, किंवा लेकाकडे सहा महिने आलेले आई-बाबा : या सगळ्यांना लागतो तो केंद्राचा कायदा. राज्यात रीतसर विकत घेतलेला गांजा वापरल्याची नुसती कबुली विमानतळावर दिली तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जातही ती आड येते, हे २०१९ मध्ये केंद्राच्या नागरिकत्व खात्याने स्पष्टच लिहून दिलं. फोनमधला फोटोही नको. बॅगेच्या कप्प्यात विसरलेली एक गमी (गांजाची चघळायची गोळी) मुंबईत उतरली की १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा लागतो, दुबईमार्गे असाल तर त्याआधी तिथला.

त्या एनडीपीएसची गंमत अशी, की फुलाबोंडांशिवायचा नुसता पाला त्याच्या व्याख्येत येतच नाही. म्हणून राजस्थानात, बनारसला भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. म्हणजे खायचा गांजा भारतात काही ठिकाणी आधीच मिळतो, फक्त त्यावर आकडा नसतो. गोव्याने किंवा हिमाचलाने पर्यटनाचा विचार करायचाच असेल तर पहिली मागणी प्रयोगशाळेची आणि लेबलची असावी.

आणि दुसरी वाहनाची, ज्याचं कोडं कोलोरॅडोलाही सुटलेलं नाही. रक्तात मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅम टीएचसी म्हणजे अंमलाखाली, असं धरायला इथला कायदा मुभा देतो. पण रोज घेणाऱ्यात तेवढं दुसऱ्या दिवशीही सापडू शकतं, आणि गमी खाऊन गरगरणाऱ्यात कमी. डोंगरातल्या भाड्याच्या घरापाशी रात्री बस नसते. गोव्यात त्या जागी भाड्याच्या स्कूटर असतील.