पोळीतून एचआयव्ही होत नाही, मावशी

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. तिचं पोळीभाजी केंद्र आहे, आठ बायका कामाला. "आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, तुला पाठवलाय. वाच आणि सांग, उद्यापासून सगळ्यांच्या टेस्ट करून घेऊ ना?" मग आवाज एकदम खाली आला. "आपल्या पोळ्या लाटणाऱ्या एकीच्या पिशवीत त्या गोळ्यांची डबी दिसली गं मला." ती नाव सांगायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं. नाव मला नको होतं, आणि तिनंही ते कुणाला सांगायचं नव्हतं.

मेसेजच्या वर "वकिलांच्या सल्ल्याने" असं ठळक लिहिलंय. खाली म्हणणं असं: स्वयंपाकी एचआयव्हीग्रस्त असेल आणि बोट कापलं तर जेवणातून शेकडो लोकांना लागण होते. कामावर ठेवण्याआधी टेस्ट मागणं हा मालकाचा हक्क आहे. सोबत काम करणाऱ्यांना कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. असा माणूस सारखा आजारी पडतो, त्याला काढलेलं बरं, आणि "तशी सूट कायद्यातच आहे". शेवटी, हे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात, छोट्या धंद्याला लागू नाहीत.

जेवणाचं आधी बघू, कारण मावशीची झोप त्यानंच उडवली आहे. एचआयव्ही अन्नातून पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून, एकच सुई दोघांनी वापरल्यानं आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही, आणि तापलेल्या तव्यावर तर मुळीच नाही. पोळी तव्यावरून उतरून डब्यात जाते, डब्यातून पोटात. यात कुणाच्या रक्ताचा कुणाच्या रक्ताशी संबंध येतो कुठे? कणकेत रक्त सांडलं तर ती कणीक फेकायचीच, हात धुवायचा, पट्टी बांधायची आणि त्या दिवशी त्या बाईला दुसरं काम द्यायचं. हा स्वच्छ स्वयंपाकघराचा नियम आहे आणि तो कुणाच्याही रक्ताला लागू आहे, मावशीच्या स्वतःच्यासुद्धा. मेसेज लिहिणाऱ्यानं हा साधा नियम शिकवला असता तर त्याचा काहीतरी उपयोग झाला असता.

आणि हे काही फक्त डॉक्टरांचं मत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. लागणीचा 'लक्षणीय धोका' कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे त्या कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. डोळ्यांना दिसेल असं रक्त मिसळलेलं नसेल तर थुंकी, लाळ, घाम, अश्रू, उलटी यांचा संपर्क त्यात धरलेला नाही. धडधाकट, न फाटलेल्या त्वचेवर रक्त लागलं तरी तो धोका धरलेला नाही. म्हणजे एका ताटात जेवणं, एक ग्लास, एक संडास, शेजारी बसून पोळ्या लाटणं, यातलं काहीच त्यात बसत नाही.

आता ती डबी. मावशी, त्या गोळ्या तिच्याच कशावरून? नवऱ्याच्या असतील, मुलाच्या असतील. यातली काही औषधं कावीळ बी साठीही देतात. आणि समजा तिच्याच आहेत, तर ती बाई उपचार घेतेय. सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांतून, ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात. ती नेमानं घेतली की बहुतेकांच्या रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. एकाला एचआयव्ही आहे आणि तो असा उपचार घेतोय, दुसऱ्याला नाही, अशा शेकडो जोडप्यांचा युरोपात 'पार्टनर' नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले. कंडोमशिवाय संबंध ठेवूनही उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही प्रकरण त्यात सापडलं नाही. नवरा-बायकोत जे होत नाही ते पोळीतून होणार?

टेस्ट मागण्याचा "हक्क" सरळ खोटा आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणं हा या कायद्याच्या कलम ३ नुसार भेदभाव आहे, आणि त्याला मनाई आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. "टेस्ट कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको" याला संमती म्हणत नाहीत. शिवाय लागण झाल्यावर काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे आठही जणींचे कागद गोळा करून मावशीच्या हाती सुरक्षितता काहीच लागणार नाही, फक्त आठ बायकांचा अपमान होईल.

बाकीच्यांना कळवण्याची जबाबदारी? उलट ते न कळवण्याची जबाबदारी आहे. मालकाला कुणालाही स्वतःची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटी पाळून जोडीदाराला सांगू शकतात, असे मोजके अपवाद आहेत. पोळीभाजी केंद्राची मालकीण त्यांत येत नाही.

काढून टाकायची "सूट" मात्र आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण मेसेजवाल्यानं अर्धंच वाक्य वाचलंय. कामावरून काढायचं तर दोन कागद त्या व्यक्तीच्या हातात द्यावे लागतात. एक, पात्र आणि स्वतंत्र आरोग्यसेवकाचं लेखी मत, की या व्यक्तीमुळे कामाच्या जागी लागणीचा लक्षणीय धोका आहे किंवा ती हे काम करायला असमर्थ आहे. दुसरा, मालकाचं लेखी निवेदन, की तिला सोयीचे बदल करून देणं कारभाराच्या किंवा पैशाच्या दृष्टीनं का आणि किती जड जातं. पिशवीतली डबी हा यातला कुठलाच कागद नाही.

हे कायद्याच्या वीस वर्षं आधीच आपल्याकडे ठरलेलं आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका सार्वजनिक कंपनीतल्या हंगामी मजुराचं प्रकरण आलं. तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याला काम नाकारलं होतं. माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर फक्त एचआयव्हीपायी त्याची रोजी काढता येणार नाही, तसं करणं म्हणजे त्याला आर्थिक मरणाची शिक्षा देणं आहे, असं न्यायालयानं सांगितलं. निकालात त्याचं नावसुद्धा नाही, फक्त 'एमएक्स' ही अक्षरं आहेत. न्यायालयानं जे नाव झाकून ठेवलं, तसलं नाव आपण रात्री साडेदहाला फोनवर सांगायला निघालो होतो. पुण्यातल्या कामगार न्यायालयानंही २०१८ मध्ये एका औषध कंपनीला, एचआयव्हीमुळे काढलेल्या महिलेला परत कामावर घ्यायला लावलं.

आजारपणाचं म्हणाल तर औषधं सुरू होताना काहींना त्रास होतो, क्षयरोग जडला तर रजा लागते. मधुमेहवाल्यालाही लागते. एआरटी केंद्रावर जायला अधूनमधून एक दिवस हवा असतो, तो द्यावा.

छोट्या धंद्याचं: तक्रार अधिकारी नेमायची सक्ती शंभर किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला आहे, रुग्णालयांना वीसपासून. तेवढ्यापुरती मावशी सुटते. पण भेदभावाची बंदी "कोणत्याही व्यक्तीला" आहे. आठ बायकांच्या केंद्रातली बाईसुद्धा याच कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्य सरकारनं नेमलेल्या लोकपालाकडे जाऊ शकते, आणि त्यानं तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो. १०९७ या मोफत क्रमांकावर तिला माहितीही मिळते.

आणखी एक, मेसेज पुढे पाठवणाऱ्यांसाठी. एचआयव्हीसह जगणाऱ्यांबद्दल द्वेष पसरवणारा किंवा त्यांच्यावर भेदभाव ओढवेल असा मजकूर पसरवणं कलम ४ खाली गुन्हा आहे, तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते.

मावशीनं तिच्या फोनमधून मेसेज काढलाय. ती बाई आज नेहमीसारखी सहाला आली, कणीक भिजवली. पण ज्या ग्रुपवर तो आला होता, तिथे "हे खोटं आहे" असं अजून कुणी लिहिलेलं नाही. मावशी, ते तू आज लिही.