आयोनाचं दक्षिण टोक बघायलाच हवं

स्कॉटलंडमधल्या आयोना बेटाच्या सहलीवरचा तुमचा लेख वाचला. तिथल्या ख्रिस्ती मठाचं वर्णन सुंदर झालंय, पण तुम्ही मठ बघून तिथूनच परत फिरलात याची चुटपुट लागली. बहुतेक पर्यटक तेच करतात. बेटाच्या दक्षिण टोकाला सेंट कोलंबाचा छोटासा किनारा आहे, इ.स. 563 मध्ये आयर्लंडहून आलेला हा ख्रिस्ती संत कोलंबा इथेच उतरला असं मानतात. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हतं. नुसते गोटेच गोटे, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले. लाट मागे सरकली की सगळे एकदम खळखळतात. ओल्या गोट्यांत नीट शोधलं तर मधूनच सर्पेंटाइन नावाच्या दगडाचा हिरवा खडा सापडतो. उजेडात धरला तर कडेनं आरपार दिसतो, वाळला की मात्र रंग फिका पडतो.

पाहुण्यांच्या गाड्या बेटावर नेता येत नाहीत, त्यामुळे धक्क्यापासून चालतच जायचं. पश्चिमेच्या कुरणापर्यंत वाट सोपी आहे. पुढे टेकडीवरच्या तळ्याजवळ चांगलीच दलदल लागते, पाय घोट्यापर्यंत आत जातो, तेव्हा वॉटरप्रूफ बूट हवेतच. मठ सकाळी बघा आणि निम्मा दिवस या किनाऱ्यासाठी राखून ठेवा. फक्त समोरच्या बेटावरच्या फिओनफोर्ट गावी परतायची शेवटची बोट किती वाजता आहे ते आधी विचारून घ्या.