वाटी काढून घेतली म्हणून पक्षी शिकत नाही

"सकाळपासून दाण्याची वाटी काढून ठेवली आहे, आता बघा कसा गिरकी घेतोय!"

आज संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेत एका ओळखीच्या घरी वाढदिवसाला हे वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. पांढरा-पिवळा कॉकटेल पक्षी (म्हणजे कॉकटील, तुरेवाला छोटा पोपट), जेमतेम सहा-सात महिन्यांचा. समोर मोबाईल धरून उभी असलेली मोठी माणसं, भोवती पोरांचा गलका. पक्ष्याचा तुरा डोक्याला चप्प चिकटलेला, अंग आवळलेलं, चोच उघडून तो फिस्स करत होता आणि घरातले म्हणत होते, "बघा, बोलायला लागलं!" बोलत कुठला होता तो? "लांब राहा" म्हणून सांगत होता. गिरकी घेईना म्हणून चोचीवर टिचकी मारली. तरी घेईना, म्हणून दुसरी. पोरं हसली, व्हिडिओ निघाला, आता तो ग्रुपवर फिरतोय.

उपाशी ठेवलं की पक्षी शिकतो, हे आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं की कुणी उलटून विचारतच नाही. कॉकटेलचं वजन असतं ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठवण ती किती असणार? दिवसाला १० ते १५ ग्रॅम दाणा त्याला लागतो आणि तो थोडा थोडा करून दिवसभर खातो. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वाटी काढून ठेवणं म्हणजे शिस्त नव्हे, हाल आहेत. त्यात हे पक्षी आजार लपवतात. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला दिसेपर्यंत बरंच काही हातातून गेलेलं असतं. म्हणून ज्याला पक्ष्याला काही शिकवायचं आहे त्याने आधी १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. काट्यावर लाकडी दांडी ठेवून आकडा शून्य करायचा, पक्षी दांडीवर बसवायचा, रोज सकाळी दाणा देण्याआधी वजन लिहून ठेवायचं. ९० ग्रॅमचा पक्षी ८५ वर आला तर शिकवणं थांबवायचं, ८१ वर आला तर डॉक्टर गाठायचा. त्या घरात केकसाठी काटा होता. पक्षी त्यावर कधी बसला असेल असं वाटत नाही.

आता एक मान्य करतो, पोट तुडुंब भरलेला पक्षी शिकत नाही. पण त्याला उपाय आहे आणि तो फुकटात आहे. वाटी काढायची नाही, वाटीतला आवडीचा दाणा काढायचा. एका ताटलीत राळा, करडई, सूर्यफुलाचं बी, ओट आणि गाजराचा कीस वेगवेगळे ठेवा आणि तीन-चार दिवस बघा तो पहिल्यांदा कशावर तुटून पडतो. बहुतेक कॉकटेल राळ्याच्या कणसावर नाहीतर सूर्यफुलावर जातात. जे काही पहिलं संपेल ते त्या दिवसापासून रोजच्या वाटीतून बंद, आणि फक्त तुमच्या हातून. बाकीचं खाणं जसंच्या तसं चालू. रात्री पक्षी झोपला की वाटी उचलून ठेवली तरी चालते, अंधारात तो खात नाहीच. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शिकवायचं आणि लगेच भरलेली वाटी पिंजऱ्यात. एवढ्यावर काम होतं. उपाशी ठेवायची गरजच पडत नाही.

बक्षीस केवढं द्यायचं यातही लोक हमखास चुकतात. सूर्यफुलाचं अख्खं बी दिलं की पक्षी ते सोलत, फिरवत, कुरतडत अर्धं मिनिट घालवतो, तोवर आपण कशाबद्दल दिलं हे निघून गेलेलं असतं, आणि आठ-दहा बियांत त्याचं मनही भरतं. बी सोलून त्याचे तीन-चार तुकडे करा. राळ्याचे दोन-तीन दाणे पुरतात. बक्षीस दोन सेकंदांत गिळून झालं पाहिजे.

शिकवायची सुरुवात गिरकीने करायचीच नसते. सुरुवात होते आवाजाने. दाबल्यावर टक्‌ वाजणारं बॉलपेन घ्या. टक्‌, लगेच दाणा. टक्‌, दाणा. पक्ष्याने काहीही करायची गरज नाही. एका बैठकीत असं पंधरा-वीस वेळा, दोन-तीन दिवस. टक्‌ ऐकून तो तुमच्या हाताकडे वळायला लागला की समजा त्याला कळलं: हा आवाज म्हणजे "हेच बरोबर, दाणा येतोय." आवाजच का? कारण हात खिशातून दाणा काढेपर्यंत पक्ष्याने तीन वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात. टक्‌ मात्र नेमक्या क्षणावर बोट ठेवतो. तो अर्धा सेकंद उशिरा वाजला तर भलतंच शिकवलं जातं.

मग काडी. आईस्क्रीमची लाकडी काडी किंवा रंग न लावलेली बांबूची काडी, टोक बोथट केलेली. पक्ष्यापासून वीतभर लांब धरायची. नुसतं बघितलं, टक्‌ आणि दाणा. मान पुढे केली, टक्‌ आणि दाणा. चोच लावली, टक्‌ आणि दोन दाणे. काडी चावत बसला तर टक्‌ उशिरा वाजतोय, चोच टेकताक्षणी वाजवा. काडीला घाबरून मागे सरकला तर ती लांब न्या, पिंजऱ्याबाहेर टेबलावर दोन दिवस नुसती पडू द्या. काडीमागे एक पाऊल, मग दोन, मग दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे जमलं की पुढचं सगळं याच्यावरच उभं राहतं.

बोटावर येणंही यातूनच शिकवायचं. बोट पायांच्या वर, पोटाच्या खालच्या भागाला हलकं टेकवायचं आणि काडी बोटाच्या पलीकडे धरायची. एक पाय ठेवला तरी टक्‌. बोट मात्र हलवायचं नाही. पहिल्यांदा पाय ठेवताना हात डुगडुगला की पक्षी पुढचे आठ दिवस त्या हातावर विश्वास ठेवत नाही.

आणि आता ती गिरकी. काडी पक्ष्याच्या शेपटीकडे पाव वळण न्यायची. मान वळली, टक्‌. उद्या अर्धं वळण. मग पाऊण. मग पूर्ण. प्रत्येक पायरी दहापैकी आठ वेळा जमल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. पूर्ण वळण जमलं की काडी आखूड करत जायची, शेवटी नुसत्या बोटाची खूण उरते. "गिरकी" हा शब्द तेव्हा लावायचा, खुणेच्या जरा आधी, एकदाच. त्या घरात आज एका दमात "गिरकी घे, गिरकी घे, गिरकी घे ना रे" चाललं होतं. ज्या शब्दामागे काही घडत नाही, तो शब्द त्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखा होतो. वेळ म्हणाल तर कॉकटेल दहा-पंधरा दिवसांत गिरकी घेतो, काही पक्षी एका आठवड्यातच घेतात, काही महिना लावतात. दिवसातून दोन बैठका, पाच-पाच मिनिटांच्या, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं. उन्हाळ्यात दुपारी तर नावच काढू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माहिती आहे. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले की त्याला उकडतंय. पिसं झडायच्या दिवसांतही तो चिडका असतो, नवी पिसं हुळहुळतात, तेव्हा नवीन काही नको.

टिचकीवर परत येतो, कारण ती डोक्यातून जात नाही. चोच म्हणजे नख नव्हे. तिच्यात नसा असतात, टोकाला तर स्पर्श बारीक कळतो. टिचकी मारल्यावर पक्ष्याच्या डोक्यात "मी गिरकी घेतली नाही म्हणून" असा हिशोब होत नाही. त्याला एवढंच कळतं की हात दुखवतो. मग तो हात दिसला की चावतो. आपण "आई गं" करून हात मागे घेतो आणि चावलं की हात जातो हे तो पक्कं शिकतो. चावला तर हात झटकू नका, ओरडू नका. हात स्थिर ठेवून पक्ष्याला शांतपणे दांडीवर उतरवा आणि मग विचार करा, चावण्याआधी तुरा कुठे होता, अंग कसं होतं. इशारा त्याने दिलेला असतोच. आज दिला होता, सगळ्यांसमोर.

आणि मुठीत पकडणं! पक्ष्याला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याला श्वास घेता येतो. छातीवर मूठ आवळली की चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. पोरांच्या हातात पक्षी देताना हे कुणी सांगत नाही.

बोलण्याबद्दल थोडक्यात. हिरवी मिरची घातल्याने पोपट बोलतो हे खोटं आहे. पक्ष्यांना मिरची तिखट लागतच नाही, म्हणून ते ती आवडीने खातात, इतकंच. कॉकटेल आणि बजरीगर या छोट्या पोपटांमध्ये नर जास्त बोलतात. दुकानात लव्हबर्ड म्हणून दिले जाणारे बहुतेक बजरीगरच असतात. खरे लव्हबर्ड सहसा बोलत नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षा करू नका. कॉकटेलला आधी शिट्टी शिकवली की तो बऱ्याचदा शब्दांकडे फिरकत नाही, म्हणून शब्द आधी. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये एका दुकानातून आणलेल्या अॅलेक्स या आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाला शंभराहून जास्त शब्द शिकवले, २००७ मध्ये तो गेला. त्यांची पद्धत घरात करता येते: दोन माणसांनी पक्ष्यासमोर एकमेकांना विचारायचं. "हे काय?" "काकडी." बरोबर उत्तर देणाऱ्याला खरंच काकडी मिळते. पक्षी बघत असतो. ज्या वस्तूचं नाव, तीच वस्तू बक्षीस. मोबाईलवर एकच वाक्य तासभर लावून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

"आमच्याकडे तर आपला हिरवा पोपट आहे, त्याला कसं शिकवू?" असं कमेंटमध्ये कुणी विचारणार असेल तर आधीच सांगतो, नाही शिकवणार. गळ्याला गुलाबी पट्टा असलेला आपला पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतो. पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हा. वसंतात ढोलीतून ओढून काढलेली पिल्लं पिशवीत घालून विकायला येतात, त्यातली किती वाटेतच मरतात ते विकणारा सांगत नाही. "आम्ही जीव लावतो" हे कारण नाही. कुठे विकताना दिसली तर वनविभागाला १९२६ वर फोन करा. आफ्रिकन ग्रे, सन कोन्यूर, मकाव असे परदेशी पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. कॉकटेल आणि बजरीगरला ती लागत नाही.

एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. त्या घरातली माणसं दुष्ट नाहीत. पिंजरा मोठा होता, पाणी स्वच्छ होतं, मुलगी त्याला नावाने हाक मारत होती. त्यांना कुणी शिकवलंच नाही, दुकानदाराने पिंजरा विकला आणि विषय संपवला. म्हणून त्यांना आणि सगळ्यांनाच एक सांगतो. गिरकी नंतर करा. सांगलीत पक्षी पाळणाऱ्याने सगळ्यात आधी शिकवायची कसरत म्हणजे स्वतःहून प्रवासाच्या पेटीत जाणं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. बचावाची बोट दारात उभी असताना घाबरलेला पक्षी घरभर उडत असेल तर तुम्ही त्याला मुठीत पकडणार, नाहीतर मागे सोडणार. आणि ज्याने हाताची टिचकी खाल्ली आहे तो त्या दिवशी तुमच्या हातावर येणार नाही.

झाकणाला भोकं पाडलेली मजबूत प्लॅस्टिकची पेटी किंवा छोटा पिंजरा घ्या, आत आडवी दांडी बसवा, दार काढून चार-पाच दिवस मोठ्या पिंजऱ्याशेजारी नुसता ठेवा. मग काडी दाराशी. डोकं आत गेलं, टक्‌. एक पाय, टक्‌. दोन्ही पाय, टक्‌ आणि राळ्याचं छोटं कणीस आतच. बाहेर यायची वाट सतत मोकळी ठेवा, पहिल्या आठवड्यात दार लावायचंच नाही. नंतर दार लावून दोन सेकंद, दाणा, उघडा. मग दहा सेकंद, मग मिनिट. मग पेटी उचलून खोलीत एक फेरी, मग जिन्यावरून खाली, मग गाडीत. घाई केली आणि तो आत धडपडला तर दोन पायऱ्या मागे या. रोज पाच मिनिटं दिली तर तीन-चार आठवड्यांत जमतं, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला सुरू केलं तर पावसाच्या आत तयारी होते.

पेटीवर तुमचा फोन नंबर मार्करने लिहा. शेजारी बंद डब्यात चार दिवसांचा दाणा ठेवा. प्रवासात आत पाण्याची वाटी ठेवू नका, ती सांडते आणि पक्षी भिजून गारठतो. त्याऐवजी काकडीचा जाड काप दांडीजवळ अडकवा. वर टाकायला एक सुती चादर हवी, पण भोकं झाकली जाणार नाहीत एवढीच.