परतीचे दोर कोण कापतो आहे?

मंगळावर कायमचे राहायला जाण्याची संधी मिळाली आणि परत येण्याची काहीही सोय नसेल, तर तुम्ही जाल का, हा प्रश्न गप्पांमध्ये अधूनमधून निघतो आणि चर्चा बहुधा एकाच वळणाने जाते. निम्मे लोक जाणाऱ्याला वेड्यात काढतात, उरलेले त्याच्या धाडसाला सलाम करतात. दोन्ही बाजूंचे सारे लक्ष जाणाऱ्यावर असते. त्याची जिगर, त्याचे घरचे, त्याची मनःस्थिती. मला मात्र जाणाऱ्यापेक्षा पाठवणाऱ्याबद्दल अधिक शंका आहेत, आणि त्या कोणत्या हे जरा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मार्स वन या डच संस्थेने २०१३ मध्ये अशा एकतर्फी प्रवासासाठी जगभरातून अर्ज मागवले होते, हे अनेकांना आठवत असेल. दोन लाखांहून अधिक अर्ज आल्याचे तिने जाहीर केले (प्रत्यक्षात शुल्क भरून पूर्ण केलेले अर्ज त्यापेक्षा खूपच कमी होते), २०१५ मध्ये त्यांतून शंभर जणांची यादी काढली, आणि खर्चाचा मोठा वाटा या साऱ्याच्या दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणातून उभा राहील असे सांगितले. २०१९ मध्ये तिच्या व्यापारी शाखेचे दिवाळे निघाले. त्या अर्जदारांची तेव्हा पुष्कळ टिंगल झाली, ती मला पटली नव्हती आणि आजही पटत नाही. समजा, दिवाळे निघण्याची ही घटना पहिले चौघे तिथे उतरल्यानंतर दोन वर्षांनी घडली असती तर काय झाले असते, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न होता, आणि तो फारसा कोणी विचारला नाही.

एकतर्फी प्रवासाची कल्पना आली कुठून, तर ती आली इंधनाच्या हिशेबातून. मंगळावरून सुटायचे तर सेकंदाला पाच किलोमीटर वेग गाठावा लागतो. त्यासाठीचे रॉकेट आणि इंधन पृथ्वीवरून न्यायचे, ते तिथे अलगद उतरवायचे आणि पुन्हा उडवायचे, हे सगळे फार महाग पडते. नासाने आजवर मंगळावर उतरवलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे २०२१ मध्ये पोहोचलेली पर्सिव्हिअरन्स ही गाडी, आणि तिचे वजन जेमतेम एक टन आहे. तेव्हा परतीचे ओझे वगळले की मोहीम एकदम आवाक्यात आल्यासारखी दिसते. डर्क शुल्झ-माकुच आणि पॉल डेव्हिस या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये नेमका हाच युक्तिवाद गंभीरपणे मांडला होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. त्यांच्या मांडणीतही तिथल्या माणसांना पृथ्वीवरून रसद मिळत राहणे गृहीतच धरलेले होते.

माझे बोट त्या गृहीतकावर आहे. परतीचा प्रवास हा एकदाचा खर्च असतो, रसद हा कायमचा. पृथ्वी आणि मंगळ यांची जुळणी दर सव्वीस महिन्यांनी होते, आणि यान निघाल्यावर पोहोचायला सहा ते नऊ महिने लागतात. म्हणजे वस्ती जिवंत ठेवायची तर कोणाला तरी दर सव्वीस महिन्यांनी, न चुकता, यान भरून पाठवावे लागेल; पहिल्या वर्षी, अकराव्या वर्षी, एकोणतिसाव्या वर्षी. परतीचे तिकीट वाचवून झालेली बचत ही बचत नसून पुढच्या पिढीच्या नावावर काढलेले कर्ज आहे, आणि ते फेडण्याची सही त्या पिढीने केलेली नाही.

रसद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अन्न येते, पण अन्नापेक्षा सुट्या भागांची गोष्ट अधिक बिकट आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून टाकणाऱ्या यंत्राच्या पंख्याचे बेअरिंग घासू लागले आहे, अशी कल्पना करा. आधी फक्त आवाज बदलतो. मग पंखा थोडा तापतो, हवेचा प्रवाह मंदावतो, आणि खोलीतल्या माणसांचे डोके दुपारपासून जड होते. पृथ्वीला विचारावे तर निरोप पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार तीन ते बावीस मिनिटे लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तितकीच. सूर्य मध्ये येतो तेव्हा तर दोन आठवडे नीट संपर्कच होत नाही. कपाटातले दोन जादा बेअरिंग गेल्या वर्षी वापरून झालेले असतात, आणि पुढचे यान निघायला अजून दीड वर्ष असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हे प्रकार घडतातच, पण ते चारशे किलोमीटरवर आहे, तिथे वर्षातून अनेकदा मालवाहू यान जाते, आणि अगदीच निभले नाही तर घरी आणणारी कुपी दाराशी जोडलेली असते. १९८५ मध्ये साल्युत-७ स्थानकावरचा व्लादिमिर वास्युतिन आजारी पडला, तेव्हा मोहीम अर्ध्यावर सोडून तिघांनाही खाली आणले गेले. एमआयटीच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मार्स वनच्या आराखड्याची छाननी केली. राहत्या जागेतच पिके घेतली तर प्राणवायूचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत चढेल, तो बाहेर सोडता सोडता नायट्रोजनचा साठा संपत जाईल, आणि सुमारे अडुसष्टाव्या दिवशी पहिला माणूस दगावेल, असा त्यांचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत गाजला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली. वस्ती वाढेल तसा दर खेपेच्या मालात सुट्या भागांचा वाटा वाढतच जातो, असे त्यात दाखवले होते. म्हणजे काळ जाईल तशी ही वस्ती स्वस्त न होता महाग होत जाते.

आता पाठवणारे किती काळ पाठवत राहतील, याचा अंदाज आपल्याला नवीन बांधायला नको, कारण इतिहास समोर आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चंद्रावर उतरले. पुढच्या तीन मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी घडवलेले सॅटर्न-५ रॉकेटचे भाग आज ह्यूस्टनमध्ये आडवे मांडून पर्यटकांना दाखवले जातात. त्याहून बोलके उदाहरण चंद्रावर ठेवून आलेल्या उपकरणांचे आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी मागे ठेवलेल्या केंद्रांतील अनेक उपकरणे व्यवस्थित चालू होती, चंद्राच्या पोटातल्या हादऱ्यांची नोंद पृथ्वीकडे येत होती. ३० सप्टेंबर १९७७ रोजी ती पृथ्वीवरून बंद करण्यात आली, आणि त्यामागचे मुख्य कारण पैसा हे होते. पहिले पाऊल पडून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. उपकरणे बंद केली म्हणून कोणाचे काही बिघडले नाही, हे खरे. पण कुतूहल ओसरायला किती वर्षे लागतात, याचे माप म्हणून मी तो आकडा लक्षात ठेवला आहे.

आणि पैसाच कशाला, पाठवणारा देशसुद्धा नाहीसा होऊ शकतो. सेर्गेई क्रिकाल्योव मे १९९१ मध्ये मीर स्थानकावर गेला तेव्हा तो सोव्हिएत नागरिक होता आणि पाचेक महिन्यांत परतणार होता. खाली सगळे कोसळत असताना मोहिमांची काटछाट झाली, त्याला वरच थांबायला सांगण्यात आले, आणि मार्च १९९२ मध्ये तो उतरला तेव्हा त्याला पाठवणारा देश नकाशावर नव्हता, त्याचे लेनिनग्राड सेंट पीटर्सबर्ग झाले होते आणि तो जिथून उडाला ते बायकोनूर स्वतंत्र कझाकस्तानात गेले होते. तरी त्याच्याजवळ सोयूझ यान होते. त्याने ठरवले असते तर तो केव्हाही खाली येऊ शकला असता. स्थानक ओस पडू नये म्हणून तो थांबला. थांबायला सांगितलेल्या माणसाने जबाबदारी ओळखून थांबणे आणि दारच नसल्यामुळे थांबणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याहून जुने उदाहरण ग्रीनलंडचे. दहाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्स लोकांनी तिथे वस्ती केली आणि ती काही शतके टिकली. लोखंड, इमारती लाकूड आणि धान्य यांसाठी ते जहाजांवर अवलंबून होते, आणि त्या बदल्यात वॉलरसचे दात युरोपला जात. पुढे हवामान थंडावले, दातांचा बाजार मंदावला, नॉर्वेत साथीने माणसे मेली, आणि जहाजे विरळ होत गेली. कोणी वस्ती सोडून देण्याचा हुकूम काढला नव्हता, केवळ यायचे ते जहाज येईनासे झाले. त्या वस्तीबद्दलची शेवटची लेखी नोंद ह्वाल्सी इथल्या चर्चमध्ये १४०८ मध्ये लागलेल्या एका लग्नाची आहे, आणि त्या लग्नातले वधूवर पुढे आइसलंडला जाऊन राहिले. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा धर्मोपदेशक या लोकांच्या वंशजांच्या शोधात ग्रीनलंडला पोहोचला, तेव्हा त्याला पडक्या भिंती सापडल्या. ग्रीनलंडमध्ये निदान श्वास घ्यायला हवा होती आणि खायला सील होते. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, त्यातही पंच्याण्णव टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि मातीत थायरॉइडला घातक असे परक्लोरेटचे क्षार. किरणोत्साराचा तर पृथ्वीवर वर्षभरात नैसर्गिकपणे मिळणारा डोस तिथे चार दिवसांत मिळतो. तिथली वस्ती जहाज चुकल्यावर शतकभर रेंगाळणार नाही.

यावर हटकून येणारा आक्षेप असा की सज्ञान माणसाने समजून-उमजून पत्करलेल्या धोक्यात आपण लुडबुड का करावी. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. जोखीम पत्करणाऱ्यांमुळेच ध्रुवांवर माणसे पोहोचली. लिओनिद रोगोझोव्ह हा सत्तावीस वर्षांचा सोव्हिएत डॉक्टर १९६१ मध्ये अंटार्क्टिकातल्या तळावर होता, त्याचेच अपेंडिक्स सुजले, आणि दुसरा डॉक्टर नसल्यामुळे त्याने स्थानिक भूल घेऊन, अर्धवट टेकून बसून, सहकाऱ्याने धरलेल्या आरशात बघत आणि आरशात उलटे दिसते म्हणून बरेचसे काम हाताच्या स्पर्शाने करत, स्वतःची शस्त्रक्रिया स्वतः केली. अशा माणसांना कोणी परवानगी देणारे वा नाकारणारे आपण कोण? पण रोगोझोव्ह पुढच्या वर्षी घरी परतला, आणि तो परतणार हे ठरलेलेच होते.

शिवाय होकार ही एका दिवसाची गोष्ट नसते. माणसांवरच्या वैद्यकीय प्रयोगांबाबत १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने सांगितले की प्रयोगात सहभागी झालेल्याला तो मध्येच थांबवण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि पुढे १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने हे तत्त्व जगभर रुजवले. संमती मागे घेता येते म्हणूनच तिला संमती म्हणायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी सही करणारा आणि त्रेचाळिसाव्या वर्षी त्या बंद खोल्यांत राहणारा, हे एकाच नावाचे पण बरेच वेगळे इसम असतात, आणि दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते. वस्ती म्हणजे मुलेबाळे आलीच, आणि त्यांना तर अर्जच मिळालेला नसतो. पृथ्वीबाहेर आजवर एकाही मानवी मुलाचा जन्म झालेला नाही. मंगळावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडतीस टक्के आहे, आणि कमी गुरुत्वाकर्षणाच्या पृष्ठभागावर माणसाचा सर्वांत दीर्घ मुक्काम अपोलो-१७ च्या दोघांचा, सुमारे पंच्याहत्तर तासांचा. त्या भरवशावर कोणाच्या तरी वाढत्या हाडांचा प्रयोग करायला निघणे मला घोर अन्यायाचे वाटते.

परतीचे दोर कापल्याची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, पण दोर कापणारा तेव्हा स्वतः गडावरच होता. इथे तो खाली राहणार आहे, आणि त्याला कायदाही फारसा बांधत नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार खासगी संस्थांच्या अंतराळातील कामांची जबाबदारी त्यांच्या देशावर येते आणि संकटातल्या अंतराळवीरांना शक्य ती मदत करणे सर्वांवर बंधनकारक ठरते. परंतु पंधराव्या वर्षीचे मालवाहू यान कोणी आणि कोणाच्या पैशाने पाठवायचे, याबद्दल त्या करारात एक अक्षर नाही.

म्हणून माझा विरोध मंगळाला नाही, क्रमाला आहे. रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी १९९० मध्ये मांडलेला ‘मार्स डायरेक्ट’ हा आराखडा मला आजही सर्वांत सभ्य वाटतो. त्यात परतीचे यान आधी, रिकामेच, मंगळावर जाते. सोबत नेलेला सहा टन हायड्रोजन आणि तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन आणि ऑक्सिजन तयार करते. आणि टाक्या भरल्याची खात्री पटल्यावरच माणसे पृथ्वीवरून निघतात. ही कल्पना कागदावरच राहिलेली नाही, निदान तिचा एक तुकडा तरी सिद्ध झाला आहे. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला. तो एका माणसाला चार-पाच तास पुरेल इतकाच आहे, आणि तिथून टनांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागेल. तो लागू द्यावा. तोवर कोणी एकतर्फी प्रवासाची जाहिरात घेऊन आले, तर इच्छुकांनी स्वतःची प्रकृती आणि मनोधैर्य यांचे दाखले देण्याआधी जाहिरातदाराकडे पुढच्या तीस वर्षांच्या रसदीची रक्कम कोणत्या खात्यात, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अटींवर ठेवली आहे, याची कागदपत्रे मागावीत. आणि टाक्या भरलेले यान दाराशी उभे असताना त्यांतल्या कोणी आयुष्यभर तिथेच राहायचे ठरवले, तर मग मात्र मला त्यावर बोलण्याचा काहीच अधिकार नाही.