‘अलार्म खपवायला घाबरवतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. सीट कव्हर घ्यायला आमच्या उद्यमनगरच्या दुकानात आलात आणि मनस्ताप घेऊन गेलात, त्याबद्दल माफी मागतो. रविवारी गर्दी असते, वेळ लागला.

पण ‘पोरं उद्धट, अलार्म (गाडीत मागे मूल राहिल्याची आठवण देणारा) खपवायला चारचौघांत घाबरवतात’ हे फार लागलं. या दुकानावर आमच्यासकट कामाच्या पोरांचीही घरं चालतात.

घडलं ते असं. तुम्ही आत नमुने बघत होता, गाडी समोर उन्हात, मागच्या सीटवर बाळ झोपलेलं. आमच्या पोरानं दारातूनच हाक मारली, ‘चावी द्या, गाडीत बाळ आहे!’ शेजारी ग्राइंडर चालू होता, हळू बोलून ऐकू कसं येणार? तुम्ही म्हणालात, ‘काच दोन बोटं खाली आहे, हे काय सोलापूर आहे?’ साहेब, बाहेर २२ अंश असतानाही बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत पारा गेल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजलंय, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं.

अलार्मचा विषय त्यानंतरचा. ‘यावर काही मिळतं का?’ हे तुम्हीच विचारलंत. मी दाखवला, आग्रह केला नाही. बिल फक्त कव्हरचं आहे, बघून घ्या. स्वस्तातला अलार्म मागचं दार उघडल्याची नोंद ठेवतो, त्याला मूल दिसत नाही, पिशवी ठेवली तरी वाजतो, हेही मीच सांगितलं. खपवायचा असता तर सांगितलं असतं का?

‘असा कायदा नाही’ असं लिहिलंत. आपल्याकडे नाही, खरं आहे. इटलीत चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला २०१९ पासून अलार्म सक्तीचा आहे. अमेरिकेच्या संसदेनं २०२१ मध्ये नव्या गाड्यांत मागच्या सीटची आठवण देणारी सोय सक्तीची करायला सांगितलं. तिथे वर्षाला सरासरी ३७ मुलं अशी तापलेल्या गाडीत दगावतात. आईबाप वाईट असतात म्हणून नव्हे. झोपलेलं मूल आवाज करत नाही आणि कामाच्या नादात भल्या माणसाच्याही डोक्यातून निसटतं. त्या पोराला मी ओरडलो नाही, ओरडणारही नाही.

बसायच्या जागेचं आणि गर्दीचं काहीतरी बघतोच आहे. पुढच्या वेळी बाळाला घेऊन आत या, पंख्याखाली बसा. रेटिंगचा जमल्यास फेरविचार करावा, ही विनंती.