शाहीर विठ्ठल उमप यांच्या निधनाच्या तारखेबद्दल खुलासा

‘दसऱ्याला दीक्षाभूमीवर गाता गाता शाहीर विठ्ठल उमप गेले’ अशी ओळ त्यांच्या फोटोखाली भीमजयंतीच्या गटांत फिरतेय. ती मूळ माझ्याच पोस्टमधली. ऐकीव माहिती न तपासता टाकली, चूक माझी.

जागा बरोबर, दिवस चुकला. नागपूरला दीक्षाभूमीवर एका वाहिनीच्या उद्घाटनात शाहीर मंचावरच कोसळले, ती तारीख २६ नोव्हेंबर २०१०, म्हणजे नेमका संविधान दिन. त्या वर्षीचा दसरा १७ ऑक्टोबरलाच होऊन गेला होता. तेव्हाच्या बातम्या आता काढून वाचल्या (आधीच वाचायला हव्या होत्या).

कुणीतरी त्यात लोककवी वामनदादा कर्डकांचंही नाव जोडलंय. वामनदादा १५ मे २००४ रोजीच गेले.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.