बॉल हातात नसलेले चौघे

दर मार्चमध्ये अमेरिकेतली एनसीएए ही कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा सुरू झाली की आमच्या जुन्या बास्केटबॉल ग्रुपवर एकच वाद रंगतो: अमुक संघाचा ऑफेन्स, म्हणजे बॉल हातात असतानाचा खेळ, इतका चांगला का? उत्तरंही ठरलेली असतात. काहीजण म्हणतात, खेळाडूच भारी आहेत. काहीजण म्हणतात, कोचकडे प्ले, म्हणजे आधी ठरवलेल्या चाली, भरपूर आहेत. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात आणि माझं उत्तर ग्रुपवरच्या मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कॉलेज संघाचा ऑफेन्स ज्याच्या हातात बॉल आहे त्याच्यावर कमी आणि ज्यांच्या हातात नाही त्या चौघांवर जास्त उभा असतो. कोच किती तयारीचा आहे हे मला त्या चौघांकडे बघून कळतं.

साधा हिशोब करा. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा. त्यातला साधारण निम्मा वेळ बॉल आपल्याकडे, म्हणजे 20 मिनिटं. पाच जणांत वाटली तर पूर्ण सामना खेळणाऱ्याच्या वाट्याला सरासरी 4 मिनिटं येतात. बॉल पुढे आणणाऱ्या पॉइंट गार्डला जास्त, रिंगजवळ खेळणाऱ्या सेंटरला कमी. उरलेली 16 मिनिटं तो खेळाडू ऑफेन्समध्ये असतो, पण रिकाम्या हातांनी. आता आपण सराव कशाचा करतो ते आठवा. ड्रिबल, लेअप, शूटिंग, पुन्हा शूटिंग. सगळी तयारी त्या 4 मिनिटांची. मी नागपुरात कॉलेजकडून खेळले तेव्हा बाकीच्या 16 मिनिटांत काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. "स्पेस घे" एवढंच बाहेरून ओरडून सांगायचे.

आता कनेक्टिकटमध्ये राहते, त्यामुळे यूकॉनचे, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचे, सामने भरपूर बघणं होतं. डॅन हर्ली 2018 मध्ये इथे मुलांच्या संघाचे कोच म्हणून आले. पहिल्या मोसमात 16 विजय आणि 17 पराभव. पुढे 2023 आणि 2024 अशी सलग दोन विजेतेपदं. फ्लोरिडाने 2006 आणि 2007 मध्ये हे केलं होतं, त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. या दोन स्पर्धांत यूकॉन 12 सामने खेळलं आणि त्यातला सर्वांत निसटता विजय 13 गुणांचा होता! एका रात्री शॉट पडले नाहीत की घरी जायचं, अशी ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे. तिथे बाराच्या बारा सामन्यांत शेवटच्या मिनिटाची धाकधूक नाही, हे नशिबाने होत नाही.

खेळाडूंमुळे झालं म्हणावं, तर 2023 च्या पहिल्या पाचातले तिघे पुढच्या वर्षी नव्हतेच. अडामा सनोगो, जॉर्डन हॉकिन्स, आंद्रे जॅक्सन, तिघेही गेले. त्यांच्या जागी आला शाळेतून थेट आलेला स्टेफन कॅसल, रटगर्सहून बदली घेतलेला कॅम स्पेन्सर आणि आदल्या वर्षी बेंचवरून येणारा डोनोव्हन क्लिंगन. तरीही ऑफेन्स आधीपेक्षा सरस झाला. माणसं बदलली आणि गोष्ट टिकली, तर ती गोष्ट शिकवलेली असते.

काय शिकवलं होतं? त्या संघाचा कुठलाही जुना सामना लावा आणि बॉलकडे बघू नका. स्पेन्सरकडे बघा. तो बेसलाइनवरून पळतो, क्लिंगनच्या स्क्रीनला (डिफेंडरची वाट अडवून उभं राहणं म्हणजे स्क्रीन) घासून बाहेर येतो. त्याच्यावरचा डिफेंडर अर्धं पाऊल मागे पडतो, म्हणून क्लिंगनचा डिफेंडर मदतीला पुढे सरकतो. त्या क्षणी क्लिंगन वळून रिंगकडे निघालेला असतो. पास स्पेन्सरकडे गेला तर थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट, क्लिंगनकडे गेला तर डंक. आणि दोन्ही अडवलं, तर थांबायचं नाही. बॉल पलीकडे जातो आणि तिथे दुसरी स्क्रीन आधीच लागलेली असते. प्लेच्या पोटात प्ले. डिफेन्सने पहिली हालचाल बरोबर ओळखली तरी तिचं फळ मिळत नाही, कारण तोवर तिसरी सुरू झालेली असते. हर्ली आणि तेव्हाचे त्यांचे सहायक ल्यूक मरे युरोपातल्या क्लबांचा खेळ बघून त्यातल्या कल्पना घेतात, हे त्यांनी लपवलेलं नाही. पण कल्पना कुणीही उचलू शकतं. स्क्रीन लावणाऱ्याने पाय रोवून खरोखर आडवं उभं राहायचं, आणि आपल्याला बॉल मिळणार नाही हे माहीत असूनही कट, म्हणजे बॉलशिवायची अचानक धाव, पूर्ण जोरात मारायचा, हे 20 वर्षांच्या मुलांकडून रोज करवून घेणं अवघड आहे.

2024 च्या स्पर्धेत बोस्टनला इलिनॉयविरुद्ध 23-23 अशी बरोबरी होती. तिथून यूकॉनने सलग 30 गुण केले, समोरच्याला एकही न देता. 53-23! शेवटी 77-52. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात डिफेन्सचा वाटा फार मोठा होता. रिंगखाली क्लिंगनने कुणाला काही करू दिलं नाही. पण ऑफेन्स आणि डिफेन्स वेगळे मोजायची सवयच मला चुकीची वाटते. समोरच्याचा शॉट चुकला की आपला ऑफेन्स त्यांचा डिफेन्स जागेवर येण्याआधी सुरू होतो. स्वतःच्या बास्केटमधून बॉल काढून चालत वर येणाऱ्या संघाला ती सोय नसते.

अंतिम सामन्यात परड्यूच्या झॅक ईडीने 37 गुण केले आणि परड्यू 75-60 असं हरलं. हर्लींनी ईडीवर सतत दोन माणसं पाठवली नाहीत. सात फूट चार इंचांचा तो माणूस, घेऊ दे त्याला दोन-दोन गुण, पण बाहेरच्यांना थ्री मिळता कामा नये, असं ठरवलं. परड्यू त्या मोसमात थ्री-पॉइंटमध्ये देशातल्या अव्वल संघांपैकी होतं. त्या रात्री त्यांना सातच थ्री मारता आले आणि एक पडला. कुठला शॉट किती किमतीचा याचा हिशोब कोचच्या डोक्यात पक्का असला की असा निर्णय घेता येतो.

या हिशोबाबद्दल थोडं. सरासरी गुण बघून ऑफेन्स ठरवू नका. एक संघ सामन्यात 75 वेळा बॉल घेऊन येतो, दुसरा 60 वेळा. दोघांची गुणसंख्या तुलनेला ठेवण्यात अर्थ नाही. दर 100 पझेशनमागे, म्हणजे 100 वेळा बॉल घेऊन आल्यावर, किती गुण, हे बघायचं. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ कित्येक दशकांपूर्वी पझेशनमागचे गुण मोजत होते, तेव्हा संगणकावर आकडे मांडणारं कुणी नव्हतं. पुढे आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी यश चार घटकांत मांडलं: शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल गमावणं), आक्रमणातले रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत मिळवणं) आणि फ्री थ्रो. पहिला घटक सर्वांत वजनदार. थ्री तीनातला एक पडला तरी तो दोनातला एक पडणाऱ्या साध्या शॉटइतकाच मोलाचा. म्हणून चांगले संघ रिंगजवळ जातात किंवा रेषेबाहेर राहतात.

व्हर्जिनियाचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. कोच टोनी बेनेट यांचा संघ देशात सर्वांत संथ खेळणाऱ्यांपैकी होता. लोक म्हणायचे, बघवत नाही. 2018 मध्ये अव्वल मानांकन असूनही ते यूएमबीसी या गटातल्या शेवटच्या, सोळाव्या मानांकित संघाकडून 74-54 हरले. पुरुषांच्या स्पर्धेत असं तोवर कधीच घडलं नव्हतं. त्यांचा डिआंद्रे हंटर जखमी होता हे खरं, पण 20 गुणांचा पराभव एका माणसाच्या नावावर टाकता येत नाही. त्यानंतर बेनेट यांनी केलं ते मला सर्वांत मोठं कोचिंग वाटतं. त्यांचा मूळ ऑफेन्स त्यांच्या वडिलांकडून, डिक बेनेट यांच्याकडून आलेला: दोघे स्क्रीन लावणारे, तिघे त्यांच्याभोवती पळणारे. वर्षानुवर्षं त्यावर सामने जिंकलेले. तो त्यांनी टाकून दिला नाही, पण त्याच्या जोडीला बॉलवरच्या स्क्रीनची सलग फिरणारी रचना आणली, कारण त्यांचे गार्ड टाय जेरोम आणि काइल गाय यांच्या हातात ती शोभणार होती. 2019 मध्ये तोच संथ संघ पझेशनमागच्या गुणांत देशातल्या अगदी वरच्या संघांत होता आणि टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 हरवून विजेता झाला. अंतिम सामन्यात हंटरचे 27 गुण. वडिलांची पद्धत सुधारायला काळीज लागतं.

गुणवत्ता कमी असताना काय होतं हे बघायचं तर 1996 चा प्रिन्स्टन विरुद्ध यूसीएलए सामना शोधून बघा. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये आहे तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि समोर आदल्या वर्षीचा विजेता. प्रिन्स्टनचे कोच पीट कॅरिल यांच्या पद्धतीत सेंटर रिंगखाली न थांबता वर येऊन पास देतो, त्यामुळे रिंगसमोरची जागा मोकळी राहते. बाकीचे आपापल्या डिफेंडरचे पाय वाचतात. तो पास अडवायला पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून रिंगकडे कट. यूसीएलए 41-34 ने पुढे होतं. शेवटचे नऊच्या नऊ गुण प्रिन्स्टनचे. शेवटच्या काही सेकंदांत स्टीव्ह गुडरिचने वरून पास दिला, पहिल्या वर्षातल्या गेब लेवुलिसने पाठीमागून कट मारून लेअप घातला, 43-41. तो कट कुणाला नवीन नव्हता. यूसीएलएलाही माहीत होता. माहीत असूनही अडवता आला नाही, कारण तुम्ही अडवायला गेलात की तोच त्यांचा प्ले.

म्हणून "प्ले किती आहेत" या प्रश्नात मला फारसा रस नाही. एनसीएएच्या नियमाने मोसमात आठवड्याला 20 तासच सराव आणि सामने मिळून वापरता येतात, आणि मुलांना अभ्यासही असतो. एवढ्या वेळात 60 प्ले पाठ करवून घ्यायचे की 10 प्ले आणि त्यातल्या प्रत्येक वळणावर काय बघायचं ते शिकवायचं, हा कोचचा निर्णय आहे. आता तर खेळाडू दर उन्हाळ्यात संघ बदलतात. चार वर्षं एकाच मुलाला घडवायची चैन फार थोड्यांना उरली आहे. कोच जॉन वुडन यांना यूसीएलएमध्ये पहिल्या विजेतेपदासाठी 1948 पासून 1964 पर्यंत वाट बघता आली, मग 12 वर्षांत 10 विजेतेपदं आली. आज इतका धीर कुठलंही विद्यापीठ धरणार नाही.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे, तीही लिहायलाच हवी. 2025 मध्ये हर्ली तेच होते, पद्धतही तीच होती, पण यूकॉन दुसऱ्याच फेरीत फ्लोरिडाकडून 77-75 हरलं. गार्ड ट्रिस्टन न्यूटन, स्पेन्सर, कॅसल, क्लिंगन, सगळे एकदम गेले होते. स्क्रीनवरून सुटलेल्या माणसाला नेमक्या क्षणी बॉल देणारा हात नसेल, तर चौघांचं पळणं वाया जातं. पासिंग शिकवता येतं, पण एका उन्हाळ्यात नाही.

याच विद्यापीठातला मुलींचा संघ बघितल्याशिवाय मात्र हा विषय पूर्ण होत नाही. कोच जीनो ऑरिएमा 1985 पासून इथे आहेत आणि 2025 मध्ये साउथ कॅरोलायनाला 82-59 हरवून त्यांनी बारावं विजेतेपद मिळवलं. त्यांच्या संघातल्या मुली पास देऊन उभ्या राहत नाहीत. पास दिला की कट, कट संपला की स्क्रीन, स्क्रीन लावली की पुन्हा बॉलकडे. पेज ब्युकर्ससारखी खेळाडू, जिला हवं तेव्हा स्वतः शॉट घेता आला असता, तीसुद्धा 2025 पर्यंत इथे खेळताना हे करायची. सर्वांत मोठी खेळाडू दुसरीसाठी स्क्रीन लावते तेव्हा बाकीच्यांना सबब उरत नाही. बास्केटबॉल शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी हे सामने बघायला सांगते.

नागपूर, पुणे, मुंबई, जिथे कुठे तुम्ही कॉलेज संघ सांभाळत असाल, त्या कोच मित्र-मैत्रिणींना एक विनंती. आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीच्या कॅम्पमध्ये दिवस थोडे असतात हे मला माहीत आहे. तरी रोज 10 मिनिटं हे करून बघा. अर्ध्या कोर्टवर तिघांविरुद्ध तिघे, ड्रिबल पूर्ण बंद. साध्या बास्केटला 1 गुण. डिफेंडरच्या पाठीमागून कट मारून लेअप घातला तर 3. स्क्रीनमुळे बास्केट झालं तर जादा गुण स्क्रीन लावणाऱ्याच्या नावावर, आणि ते फळ्यावर लिहायचे. पास देऊन जागेवर उभा राहिला तर बॉल समोरच्यांना. पहिल्या आठवड्यात खेळ फार विस्कळीत होईल, पास चोरले जातील, मुलं ड्रिबलसाठी भांडतील. तेव्हा शिट्टी वाजवून प्रत्येक चूक दुरुस्त करू नका, दोन-तीन पझेशन तसेच जाऊ द्या. मग एकाच मुलाला थांबवा, ज्याच्याकडे बॉल नव्हता त्याला, आणि विचारा: तुझ्यावरचा डिफेंडर तेव्हा कुठे बघत होता?